शिंकं, पत्र्याचा डबा आणि डोंगरातला उंदीर



मागच्या लेखात पर्वाच्या दिवसांतल्या डाळींबद्दल लिहिलं होतं. त्यावर तुम्ही इतक्या जणींनी पाककृती कळवल्यात की त्यांचा एक वेगळा लेख होईल. आज मात्र स्वयंपाकघरातून थेट डोंगरात जायचं आहे, तेही अमेरिकेतल्या. विषय उंदराचा आहे. नाक मुरडू नका, शेवटी आपल्याच घरात येऊन पोहोचणार आहोत.

माझी लेक न्यू जर्सीला असते, हे तुम्हाला माहीत आहे. गेल्या वैशाखात तिच्याकडे गेले होते. लेक, जावई आणि नातू असे तिघंही डोंगर चढणारे. "आई, दोन रात्री आमच्याबरोबर चल, पाठीवर जड ओझं देणार नाही," असं म्हणत त्यांनी मला व्हर्जिनियात नेलं. तिथे अपालाचियन ट्रेल नावाची पायवाट आहे. पायवाट म्हणजे सुमारे ३,५०० किलोमीटरची, दक्षिणेतल्या जॉर्जियापासून उत्तरेतल्या मेनपर्यंत, १४ राज्यांतून जाणारी. आम्ही तिच्यावर चाललो ते फार तर २० किलोमीटर. माझ्या गुडघ्यांच्या मानाने तो विहारच होता म्हणायचा.

पहिल्या दिवशी दुपारी एका निवाऱ्यापाशी पोहोचलो. ओंडक्यांच्या तीन भिंती, वर उतरतं छप्पर, चौथी बाजू उघडी, आत फळ्यांची जमीन. दार नाही, कडी नाही. येईल त्याने पथारी टाकावी. आत वाकून बघितलं तर आढ्यापासून सहा-सात दोऱ्या लोंबत होत्या. प्रत्येक दोरीत मधोमध एक पत्र्याचा रिकामा डबा उपडा ओवलेला आणि खालच्या टोकाला एक काटकी आडवी बांधलेली. मी लेकीला म्हटलं, "अगं, ही तर शिंकी!"

तिला शिंकं माहीत नव्हतं. तुमच्यातल्या तरुण मुलींनाही माहीत नसेल म्हणून सांगते. शिरोळ तालुक्यातल्या आमच्या जुन्या घरात चुलीच्या खोलीत आढ्याला एक लोखंडी कडी होती. तिला काथ्याचं विणलेलं जाळीदार शिंकं टांगलेलं असायचं. त्यात एकावर एक गाडगी. दही, लोणी, कधी उरलेली भाकरी. हात उंच केल्याशिवाय पोहोचायचं नाही अशी उंची. 'शिंक्याचं तुटलं नि बोक्याचं पटलं' ही म्हण आजी दिवसातून एकदा तरी म्हणायची, बहुधा आमच्यापैकी कुणाला तरी उद्देशून. शिंक्यापुढे मांजर हतबल व्हायचं. उंदीर मात्र व्हायचा नाही. तो भिंतीवरून आढ्यावर आणि आढ्यावरून दोरीवर उतरायचा. लोण्याच्या गाडग्यावर दगडी झाकण ठेवायचं ते त्याच्यासाठी.

आपल्या शिंक्यात जे नव्हतं, ते त्या पत्र्याच्या डब्यात होतं. डब्याच्या बुडाला भोक पाडायचं, त्यातून दोरी ओवायची आणि डबा घसरू नये म्हणून खाली गाठ मारायची. तोंड खाली, बूड वर. उंदीर दोरीवरून सरसर उतरतो आणि डब्याच्या बुडावर येतो. तिथून खाली जायचं तर डब्याच्या कडेवरून वळून आतली दोरी पकडायला हवी. पत्रा गुळगुळीत, वजन पडलं की डबा एका बाजूला कलतो, नखं रुततच नाहीत. तो परत वर जातो किंवा खाली टुणकन पडतो आणि निघून जातो. कुणाला इजा नाही. खालच्या काटकीत अन्नाच्या पिशवीचा बंद अडकवायचा, झालं काम. मी तो डबा बोटाने दोन-चारदा कलवून बघितला. ज्याने केलं त्याने उंदराकडे नीट बघितलं असणार.

ही कल्पना तशी नवी नाही. जपानमध्ये शिझुओकाजवळ तोरो नावाची जुनी वस्ती १९४३ साली सापडली. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीची, भातशेती करणाऱ्यांची. तिथली धान्याची कोठारं खांबांवर उभी होती आणि खांब जिथे कोठाराला मिळतो तिथे रुंद फळी आडवी बसवलेली. खांबावरून चढणाऱ्या उंदराला त्या फळीखालून उलटं लटकत जाता येत नाही. जपानी भाषेत तिचं नावच 'उंदीर परतवणारी' अशा अर्थाचं आहे. स्वित्झर्लंडच्या वाले भागात, झेरमाटच्या आसपास, धान्याची लाकडी कोठारं अशीच खांबांवर उभी दिसतात आणि प्रत्येक खांबाच्या डोक्यावर जात्याच्या तळीसारखा एक गोल सपाट दगड. इंग्लंडच्या खेड्यांत त्याच कामाला भूछत्रासारखे दगड असत. हल्ली श्रीमंत लोक ते बागेत शोभेला मांडतात. बंदराला लागलेल्या जहाजांच्या दोरखंडांवर पत्र्याच्या गोल तबकड्या बसवलेल्या असतात, त्याही यासाठीच. फळी, दगड, तबकडी, डबा, युक्ती एकच. उंदराला मारायचं नाही, त्याला पुढची वाट द्यायची नाही.

स्वित्झर्लंडचा विषय निघालाच आहे तर त्या पायवाटेचा जन्मही सांगते, कारण तोही तिथपर्यंत जातो. बेंटन मॅकाय नावाचा वनखात्यात काम केलेला एक माणूस होता. १९२१च्या एप्रिलमध्ये त्याची पत्नी गेली. जेसी हार्डी स्टब्स तिचं नाव. स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून झटलेली बाई. आजारपणाच्या भरात तिने जीव दिला. त्या उन्हाळ्यात मॅकाय न्यू जर्सीतल्या मित्रांकडे राहिला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वास्तुरचनाकारांच्या एका नियतकालिकात त्याचा लेख छापून आला. डोंगररांगेच्या माथ्यावरून एक लांब पायवाट असावी, शहरात घुसमटलेल्या माणसांनी तिथे चालावं. त्या वाटेवर एकेका दिवसाच्या सुखाच्या चालीवर मुक्कामाचे निवारे असावेत, स्विस डोंगरातल्या झोपड्यांसारखे, असं त्याने त्यात मांडलं. १९२५ला काम करणारी संघटना उभी राहिली आणि १९३७च्या ऑगस्टमध्ये वाट सलग झाली. आज तिच्यावर २५०हून अधिक निवारे आहेत.

मॅकायच्या लेखात उंदराचा विचार नसावा. पण माझ्या मते उंदराची अडचण सुरू झाली ती निवाऱ्यांपासूनच. माणूस रोज नव्या जागी झोपला तर उंदराला त्याची सवय लागत नाही. एका रात्री चार शितं सांडली, दुसऱ्या दिवशी तिथे कुणीच नाही. निवारा झाला की जागा पक्की झाली. रोज संध्याकाळी तीच माणसं नसली तरी तोच भात, तेच ओट, तेच बेदाणे. कोरडी जमीन, फळ्यांखाली फट, ओंडक्यांच्या सांध्यांत घरटं. उंदराच्या दृष्टीने रोज चालणारं अन्नछत्रच ते.

तिथले उंदीर आपल्या घरातल्या करड्या उंदरासारखे नसतात. पाठ तपकिरी, पोट आणि पाय पांढरेशुभ्र, डोळे टपोरे काळे, कान मोठे. नातवाने चित्र दाखवलं तर मला ते गोडच वाटले. पांढऱ्या पायाचा उंदीर आणि हरीण-उंदीर अशा त्यांच्या दोन जवळच्या जाती आहेत. दोन्ही रात्री फिरणाऱ्या, चढण्यात पटाईत. करंगळीएवढी फट त्यांना पुरते. थंडीत ते झोपून राहत नाहीत, म्हणून बी-बियाणं साठवून ठेवतात. कधी कधी ते माणसाच्या बुटात साठवतात, असं लेक म्हणाली.

एमा गेटवूड या बाईंबद्दल तुम्हाला सांगायलाच हवं. ११ मुलांची आई, नातवंडं-पतवंडं असलेली, नवऱ्याचा मार खाऊन शेवटी वेगळी झालेली ओहायोची बाई. १९५५ साली, ६७व्या वर्षी, मुलांना 'जरा चालून येते' एवढंच सांगून ती निघाली आणि ही सगळी वाट एकटीने, एका दमात पार करणारी पहिली स्त्री ठरली. तंबू नाही, झोपण्याची पिशवी नाही. घरी शिवलेली कापडी झोळी एका खांद्यावर, पायात साधे कापडी बूट आणि पावसासाठी न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा. तिच्या चरित्रात सुरुवातीच्याच एका रात्रीचा प्रसंग आहे. एका मोडक्या झोपडीत ती आडवी झाली आणि एक उंदीर घिरट्या घालू लागला. हुसकावलं तरी जाईना. शेवटी तिचा डोळा लागला आणि परत उघडला तर तो तिच्या छातीवर दोन पायांवर उभा. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मला हा प्रसंग फार आवडतो. तिने त्याला मारलं असं त्यात कुठे नाही आणि त्याच्या भीतीने ती परतही फिरली नाही.

आता आमच्या रात्रीकडे येते.

निवाऱ्याच्या फळ्यांवर काळ्या तिळासारख्या लेंड्या पडलेल्या होत्या. आपली सवय तुम्हाला ठाऊक आहे. बसण्याआधी जागा पुंजायची. मुनीमहाराजांच्या हाती पिंछी, आपल्या हाती मऊ कुंचा. प्रवासात माझ्या पिशवीत एक छोटा कुंचा असतोच. तो काढला आणि पहिला हात मारणार, तेवढ्यात लेक ओरडली, "आई, झाडू नकोस! बाहेर ये आधी!" इतक्या मोठ्याने ती माझ्यावर लग्नाच्या धावपळीतही ओरडली नव्हती. मला राग आला. जीव वाचवण्यासाठी केलेल्या कृतीवर कुणी ओरडावं? मग ओढ्याकाठी बसून तिने कारण सांगितलं आणि माझा राग उतरला.

१९९३चा मे महिना. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला न्यू मेक्सिको, ॲरिझोना, कोलोरॅडो आणि युटा ही चार राज्यं एका बिंदूत मिळतात. तिथे नवाहो या मूळनिवासी लोकांची वस्ती आहे. एक तरुण धावपटू मुलगा एकाएकी श्वास लागून गेला. काही दिवसांपूर्वीच त्याची होणारी बायकोही तशीच गेली होती. मग आणखी लोक, बहुतेक तरुण, धडधाकट. आधी ताप, अंगदुखी, फ्लूसारखं आणि मग फुप्फुसात पाणी भरून एक-दोन दिवसांत शेवट. काही आठवड्यांत शोध लागला की हा हंता जातीचा विषाणू आहे आणि तो हरीण-उंदराच्या लेंडीतून, मुतातून, लाळेतून येतो. उंदीर स्वतः आजारी दिसत नाही. लेंड्या वाळतात, कुणीतरी झाडू मारतं, धूळ उडते, ती श्वासावाटे आत जाते. या आजाराने गाठलेल्या दहा जणांतले जवळपास चार जण दगावतात. त्यावर नेमकं औषध नाही.

त्या वर्षीच का, याचं उत्तर झाडांत होतं. आधी बरीच वर्षं दुष्काळ, मग भरपूर हिमपाऊस, पिन्यॉनच्या झाडांना बियांचा बहर आणि एका वर्षात उंदीर दहापट. नवाहो वृद्धांना हे आश्चर्य वाटलं नाही. त्यांच्या परंपरेत उंदराचा आणि आजाराचा संबंध जुनाच होता. उंदीर रानातला, रात्रीचा जीव. त्याचं जग वेगळं, माणसाच्या घराचं जग वेगळं. घरात त्याला येऊ देऊ नये, धान्य झाकून ठेवावं, ज्या कपड्याला तो लागला तो जाळावा. डॉक्टरांनी प्रयोगशाळेत जे शोधलं ते आजीबाईंच्या घररीतीत आधीपासून होतं. तरी वर्तमानपत्रांनी काय केलं? 'नवाहो फ्लू' असं नाव देऊन मोकळे झाले आणि त्या लोकांना बाहेर लोक टाळू लागले. पुढे विषाणूला जागेचं नाव द्यायचं म्हटलं तर स्थानिकांनी हरकत घेतली. शेवटी 'सिन नोम्ब्रे' असं स्पॅनिश नाव पडलं, म्हणजे 'बिननावाचा'. कुणाला बट्टा लागू नये म्हणून बिननावाचं नाव, हे मला आवडलं.

व्हर्जिनियाच्या बाजूला हा आजार फारच क्वचित होतो, बहुतेक रुग्ण पश्चिमेकडचे. हे लेकीनेही सांगितलं. पण सवय एकच ठेवायची म्हणाली. लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत. घरी असेल तर ब्लीच घातलेल्या पाण्याने भिजवायच्या, पाच मिनिटं थांबायचं, हातमोजे घालून कागदाने उचलायच्या. डोंगरात तेवढी साधनं नसतील तर तिथे झोपायचं नाही, सरळ तंबू लावायचा. आम्ही तंबू लावला, निवाऱ्यापासून पन्नास-साठ पावलांवर, मोकळ्या जागी. माझा कुंचा पिशवीत गेला. अयत्नाने झाडणं हीही हिंसाच, फक्त या वेळी स्वतःची, असं मनाला सांगितलं.

तंबू आला म्हणून काळजी संपली असंही नाही. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी उद्यानात २०१२च्या उन्हाळ्यात १० जणांना हाच आजार झाला आणि त्यातले ३ जण गेले. त्यातले बहुतेक जण एका विशिष्ट प्रकारच्या तंबू-खोल्यांत राहिले होते. त्या दुहेरी भिंतींच्या होत्या, मधे उबेसाठी भरण. पाहुण्यांना थंडी वाजू नये म्हणून केलेली सोय आणि त्या दोन भिंतींच्या मधे उंदरांनी बाळंतिणीच्या खोल्या केल्या. अशा ९१ तंबू-खोल्या बंद कराव्या लागल्या. एकेरी कापडाचा गरिबाचा तंबू यापेक्षा बरा, कारण त्यात लपायला पोकळीच नसते. आपल्या फ्लॅटमधली खोटी छतं आणि मोड्युलर ओट्याच्या मागची पोकळी आठवली का? मला आठवली.

आता जेवणाचं. माझा चौविहार असतो हे लेकीला माहीत, म्हणून सूर्यास्ताआधी सगळं आटपलं. तंबूपासून आणि निवाऱ्यापासून लांब, एका सपाट दगडावर बसून. दशम्या, बिनलसणीचं भडंग, शेंगदाण्याचे लाडू. भडंग सांडतंच, म्हणून खाली कापड पसरलं आणि ते गोळा करून पिशवीत झटकलं. जावई म्हणाले, "आई, तुमचा नियम आणि इथल्या जाणत्यांचा सल्ला अगदी एक आहे. उजेडात जेवा, झोपायच्या जागेपासून लांब जेवा, कण सांडू नका." रात्री अन्नावर जीव येतात म्हणून रात्रीभोजन नको, हे आपण लहानपणापासून ऐकतो. तिथे दोन टपोऱ्या डोळ्यांचे जीव खरोखर वाट बघत बसलेले होते.

अंधार पडल्यावर तीन तरुण आले. कपाळावर दिवे लावून निवाऱ्यातच शेवया शिजवल्या, खाल्ल्या, भांडी तशीच. मुलं चांगली होती, थकलेली होती. रात्री त्यांची खसखस, उठणं, दिवे लावणं ऐकू येत होतं. सकाळी एकाने पिशवी दाखवली. बाजूच्या कप्प्यात सुका मेवा ठेवून चेन घट्ट लावलेली, म्हणून उंदराने कापडालाच रुपयाएवढं भोक पाडलेलं. यावर इथल्या लोकांचा उपाय ऐकून मी हसले. पिशवीतून खाण्याचं सगळं काढून डब्याच्या दोरीला टांगायचं आणि रिकाम्या पिशवीचे सगळे कप्पे मुद्दाम उघडे ठेवायचे. उंदीर येईल, आत हिंडेल, काही नाही म्हणून जाईल. बंद दार दिसलं की तो कुरतडतो, उघडं असलं की नुसता डोकावतो.

मी शहाणी म्हणून मिरवत होते, तर माझंही उघडं पडलं. लाडू, दशम्या सगळं टांगलं होतं. दातांची पेस्ट आणि साबणसुद्धा, कारण वासाची प्रत्येक वस्तू टांगायची असते. आमच्या पाठपिशव्याही निवाऱ्यातल्या खुंट्यांवर अडकवल्या होत्या. पण माझ्या बटव्यातली बडीशेपेची पुडी मी विसरले. बटवा पाठपिशवीत, चेन लावून. सकाळी बटव्याला भोक आणि बडीशेपेचा एक दाणा नाही. नातू म्हणाला, "आज्जी, त्याने जेवणानंतर मुखवास घेतला."

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी हा लेख लिहायला बसले.

निवाऱ्याच्या कोपऱ्यात दोन लाकडी चाप होते. उंदीर पकडायचे नव्हे, मारायचे. स्प्रिंग ताणलेली, पट्टीवर शेंगदाण्याचं लोणी. आधी येऊन गेलेल्या कुणीतरी लावून ठेवलेले. माझं लक्ष गेलं आणि पायच हलेना. जावई हळूच म्हणाले, "आई, ते आपले नाहीत, राहू द्या." खरंच होतं, दुसऱ्याची वस्तू. पण मी एक वाळकी काटकी घेतली आणि एकेका चापाच्या पट्टीला टोचली. फट्. फट्. काटकीचे दोन तुकडे झाले. चाप तिथेच ठेवले, नेले नाहीत. मनात नवकार म्हटला.

सकाळी त्या तिघांपैकी एकाने विचारलं, चाप कुणी उडवले? मी लेकीला म्हटलं, सांग मी उडवले. तो रागावला नाही. शांतपणे म्हणाला की त्याच्या बहिणीला लाइमचा आजार झाला होता, वर्षभर सांधे धरले होते. गोचिडीतून होतो तो आणि गोचिडीला त्याचे जंतू मिळतात ते बहुतेक या पांढऱ्या पायाच्या उंदरापासून. म्हणजे त्याच्यासाठी तो चाप म्हणजे क्रौर्य नव्हतं, बहिणीची आठवण होती. मला चटकन उत्तर सुचलं नाही. लेकीने भाषांतर करायचं तरी काय!

आपल्याकडे हिंसेचे चार प्रकार सांगतात. संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. चूल पेटवताना, दळताना, शेत नांगरताना जी होते ती गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाही, ती कमी करत जायची. मारायचं ठरवून केलेली संकल्पी हिंसा मात्र गृहस्थालाही नाही. चाप ताणून ठेवणं कशात बसतं? स्वसंरक्षण म्हणून विरोधी म्हणता येईल, असं म्हणणारेही आपल्यात आहेत. त्या तीन भिंतींच्या निवाऱ्यात मला ते पटलं नाही. चौथी बाजू उघडी आणि बाहेर अख्खं जंगल. दोन मेले तर चार येणार. तिथे डबा पुरतो. पण माझ्या घरात तान्हं मूल असतं आणि भिंतीत तो बिननावाचा आजार असता, तर? अमेरिकेचं आरोग्यखातंही आधी फटी बुजवा, अन्न झाका म्हणतं आणि मग चाप लावाही म्हणतं, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. त्या मुलाला मी एवढंच म्हणाले की तुझी बहीण बरी होवो. तो म्हणाला, ती बरी आहे आता.

परतीच्या वाटेवर मला पणजीची आठवण येत होती. मी तिला बघितलेलं नाही, आजीकडून ऐकलेलं. १८९६ला मुंबईत मांडवीत प्लेग दिसला. धान्याची गोदामं, दाटी आणि आपल्या समाजाचे व्यापारीही तिथेच मोठ्या संख्येने. पुढच्या काही वर्षांत तो आपल्या भागातही पोहोचला. जैन आणि वैष्णव लोक उंदीर मारू देत नाहीत, ही तक्रार तेव्हाच्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या लिखाणात येते. पण आपल्या बायका काय करत होत्या? घरात उंदीर पडायला लागले, म्हणजे मरून पडायला लागले, की भांडी-कुंडी, जातं आणि देव घेऊन अख्खं गाव रानात जायचं. माळावर कुडाच्या झोपड्या घालून महिनोन् महिने राहायचं. तिथेही भाकरीचं शिंकं टांगलेलं असायचं, आंब्याच्या फांदीला. १८९८ला पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवून दिलं की आजार उंदरावरच्या पिसवेतून येतो. उंदीर मेला की पिसवा त्याचं थंड अंग सोडून माणसावर येतात. सरकारी शास्त्रज्ञांनी ते मान्य करायला आणखी दहाएक वर्षं घेतली. घरात उंदीर पडला की घर सोडावं, हे पणजीला कुणी डॉक्टरने सांगितलेलं नव्हतं.

म्हणजे आपल्या पणज्या उंदरांपासून लांब जायला रानात मुक्काम करत होत्या आणि आता आपल्या लेकी रानात मुक्काम करून उंदरांपासून अन्न वाचवतात.

परत आल्यावर पुतणी म्हणाली, "काकू, आमचा सह्याद्रीत ट्रेक आहे, गडावरच्या गुहेत मुक्काम. तिथे उंदीर फार, मागच्या वेळी अख्खा ब्रेड नेला." मी माळ्यावरून सुतळी काढली. पत्र्याचा डबा जड होईल म्हणून मोठी करवंटी घेतली, बाहेरून काचेने घासून गुळगुळीत केली, तिच्या डोळ्यातून सुतळी ओवून खाली गाठ मारली. हात लावला की कलते का बघितलं, कलली. खाली बांबूची काडी. सूचनाही दिल्या. गुहेची जमीन झाडू नकोस, खाली जाड प्लॅस्टिक अंथर. डोकं भिंतीकडे करून झोपू नकोस, उंदीर भिंतीच्या कडेने पळतात. उजेडात जेवून घ्या. पाणी गाळून प्या, हे उंदरासाठी नव्हे, ते नेहमीचंच.

सोमवारी ती आली. पिशवी जशीच्या तशी होती, भडंगसुद्धा. पाठपिशवीचा खांद्याचा पट्टा मात्र घामाने खारट झालेला, तो एका बाजूने बारीक बारीक कुरतडलेला. तोही टांगायचा असतो हे सांगायचं मी विसरले होते.